नसबंदी न झालेल्या मादी मांजरीचे वर्तन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न मांजर पाळणाऱ्यांकडून सतत येत असतात. त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच असते: मांजरी माजावर, म्हणजे समागमाच्या ओढीच्या काळात, आलेली असते आणि घरातल्या माणसांना ते ओळखता येत नाही. मात्र प्रत्येक त्रास माजाच्या खात्यावर टाकला तर एखाद्या गंभीर आजाराकडे दुर्लक्ष होऊ शकते, म्हणून उत्तरार्धात अपवादांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमची मांजरी दोन दिवसांपासून रात्रंदिवस ओरडते आहे आणि जमिनीवर लोळते आहे. तिला काही दुखते आहे का?

बहुधा नाही, ती माजावर आली आहे. माजातला आवाज नेहमीच्या म्यावपेक्षा लांबलचक, खालच्या पट्टीत सुरू होऊन चढत जाणारा आणि तान्ह्या बाळाच्या रडण्याइतका अस्वस्थ करणारा असतो, त्यामुळे तो प्रथमच ऐकणाऱ्याला मांजरी वेदनेने विव्हळते आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याआधी एक-दोन दिवस ती माणसांच्या पायांना, भिंतींच्या कोपऱ्यांना आणि खुर्च्यांना नेहमीपेक्षा जास्त अंग घासत असते. ते बहुतेकांच्या नजरेतून सुटते किंवा लाडात आली आहे असे समजून सोडून दिले जाते.

खात्री करायची असेल तर तिच्या पाठीवर, शेपटीच्या बुडापाशी, हलकेच हात ठेवून पाहावे. माजावर असलेली मांजरी पुढचे पाय दुमडून छाती जमिनीला टेकवते, मागचा भाग वर उचलते, शेपटी एका बाजूला वळवते आणि मागचे पाय जागच्या जागी आळीपाळीने तुडवू लागते. हे पाहून काही जणांना तिच्या कमरेला मार लागला असावा अशी शंका येते, पण थोड्याच वेळात ती उठून नेहमीसारखी चालते आणि उडीही मारते. याउलट तिचे मागचे पाय एकाएकी लुळे पडले असतील, ती ते फरफटत असेल, पंजे थंड लागत असतील आणि ओरडणे थांबत नसेल, तर तो माज नव्हे. रक्ताच्या गुठळीमुळे मागच्या पायांचा रक्तपुरवठा बंद झाल्याची ती लक्षणे असू शकतात आणि अशा वेळी सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे लागते.

२. ती अजून पाच महिन्यांचीच आहे. इतक्या लवकर माजावर येते का?

हो, येते. बहुतेक मांजरी वयाच्या पाचव्या ते नवव्या महिन्यादरम्यान प्रथम माजावर येतात, परंतु चौथ्या महिन्यातही माज आल्याची उदाहरणे असतात. सयामी जातीच्या मांजरी लवकर वयात येतात, तर पर्शियनसारख्या लांब केसांच्या जातींना बराच उशीर लागू शकतो. दिसायला पिल्लू असले तरी पहिल्याच माजात गर्भ राहू शकतो, ही गोष्ट अनेकांना ती गाभण राहिल्यावर कळते.

३. माज किती दिवस टिकतो? आमच्याकडे दर दोन-तीन आठवड्यांनी तोच गोंधळ का होतो?

एक माज साधारण आठवडाभर टिकतो. काहींचा तीन-चार दिवसांत उतरतो, तर काहींचा दोन आठवडे लांबतो. तो पुन्हा पुन्हा येण्याचे कारण मांजरीच्या शरीररचनेत आहे. मांजरीच्या अंडाशयातून बीज सहसा आपोआप सुटत नाही. बोक्याशी समागम झाल्यावर मेंदूकडून जो संप्रेरकाचा संदेश सुटतो, त्यानंतर साधारण एक ते दोन दिवसांनी बीज बाहेर पडते. समागमच झाला नाही तर बीज न सुटता माज उतरतो, एक ते तीन आठवडे शांततेत जातात आणि नवे चक्र सुरू होते. त्यामुळे ज्या मांजरीला बोक्यापासून काटेकोरपणे दूर ठेवले जाते, तिचा त्रास उलट अधिक वेळा दिसतो.

समागम होऊन बीज सुटले पण गर्भ राहिला नाही, तर साधारण पाच ते सात आठवडे माज येत नाही. या काळात काही मांजरींची स्तनाग्रे किंचित फुगतात आणि घरातल्यांना ती गाभण आहे असे वाटते. खरी गर्भधारणा आहे की नाही हे पशुवैद्याने तपासून किंवा सोनोग्राफी करून सांगितलेलेच ग्राह्य धरावे.

४. हा प्रकार वर्षभर चालू राहतो का?

मांजरीचा माज दिवसाच्या लांबीशी जोडलेला असतो. प्रकाश दिवसाला बारा ते चौदा तास मिळू लागला की चक्र सुरू होते आणि दिवस लहान झाले की थांबते. परंतु घरात राहणाऱ्या मांजरीला रात्री उशिरापर्यंत दिव्यांचा उजेड मिळत असल्याने तिच्या शरीराला दिवस लहान झाल्याचे कळतच नाही, आणि विषुववृत्ताच्या जवळच्या प्रदेशांत दिवसाची लांबी वर्षभर फारशी बदलत नाही. अशा मांजरी बाराही महिने माजावर येऊ शकतात.

५. माजात रक्त जाते का?

नाही. कुत्रीच्या बाबतीत रक्तस्राव स्वाभाविक असतो, मांजरीच्या बाबतीत नाही. मांजरीच्या शेपटीखाली रक्त, पू किंवा दुर्गंधीयुक्त स्राव दिसला तर तिला त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे (प्रश्न १५ पाहा).

६. फवारा फक्त बोके मारतात असे ऐकले होते. आमची मांजरी पडद्यावर फवारा का मारते?

मादीही फवारा मारते, आणि माजावर असताना तर जास्तच. ती उभ्या वस्तूकडे पाठ करते, शेपटी ताठ वर उभारते, शेपटीचे टोक थरथरते आणि थोडीशी लघवी आडवी मागे उडते. त्या लघवीतून आसपासच्या बोक्यांना ती समागमाला तयार असल्याचा निरोप मिळतो, म्हणूनच अशा खुणा दारे, खिडक्या आणि पडदे यांच्याजवळ जास्त आढळतात. यात सूड, राग किंवा मालकाला धडा शिकवण्याचा कोणताही हेतू नसतो आणि शिक्षा केल्याने ती थांबत नाही. घाबरलेली मांजरी उलट जास्त खुणा करते.

जागा स्वच्छ करताना अमोनिया असलेले द्रव वापरू नयेत, कारण त्यांचा वास लघवीच्या वासाशी जुळतो आणि मांजरी पुन्हा तेथेच येते. फिनाईलसारखी फिनॉलयुक्त जंतुनाशके मांजरींसाठी विषारी असतात, तीही टाळावीत. पाळीव प्राण्यांच्या लघवीसाठी मिळणारा एन्झाइमयुक्त क्लीनर सर्वांत उपयोगी पडतो, मात्र तो लगेच पुसून न टाकता वेष्टनावर सांगितलेला वेळ तसाच राहू द्यावा लागतो.

७. हा फवारा आहे की लघवीचा आजार, हे घरी कसे ओळखावे?

फवारा उभ्या पृष्ठभागावर असतो, त्यातली लघवी थोडी असते आणि मांजरी एरवी लिटर बॉक्स व्यवस्थित वापरत असते. आजारात ती वारंवार बसते, कुंथते, दरवेळी थेंब-दोन थेंबच होतात, कधी त्यात रक्त दिसते, लघवी करताना ती ओरडते किंवा शेपटीखालचा भाग सतत चाटत राहते. चाटणे माजातही वाढते, त्यामुळे केवळ त्यावरून निष्कर्ष काढू नये. बॉक्सबाहेर सपाट जमिनीवर किंवा अंथरुणावर भरपूर लघवी होत असेल तर कारण तिसरेच असू शकते: बॉक्स अस्वच्छ आहे, दुसरे मांजर तिला तेथे जाऊ देत नाही किंवा बॉक्सची जागा वर्दळीची आहे. ही कारणे नसबंदीने, म्हणजे अंडाशये काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेने, दूर होत नाहीत.

८. एरवी उंबरा न ओलांडणारी मांजरी आता दार उघडले की बाहेर धाव घेते. काय करावे?

माजातली मांजरी बाहेर पडण्यासाठी असे धाडस करते जे ती एरवी कधीच करणार नाही. सैल जाळी, अर्धवट उघडी खिडकी, बाल्कनीचा कठडा या सगळ्यांची तिची परीक्षा चालू असते आणि उंच इमारतींतून मांजरी पडण्याचे अपघात अशा वेळीही होतात. माज असेपर्यंत तिला आतल्या खोलीत ठेवावे, खिडक्यांना मजबूत जाळी लावावी आणि दार उघडण्यापूर्वी ती कोठे आहे ते पाहण्याची सवय घरातल्या सर्वांना लावावी. मायक्रोचिप बसवलेली असेल तर हरवलेली मांजरी परत मिळण्याची शक्यता वाढते.

निसटून गेलेली मांजरी काही तासांनी परतली तरी ती अनेक बोक्यांशी जुळलेली असू शकते. एकाच वेळच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असणे मांजरींमध्ये नवल नाही. मारामाऱ्यांतील चाव्यांतून मांजरींना होणारा एड्ससारखा विषाणू आणि जवळच्या संपर्कातून रक्ताच्या कर्करोगाचा विषाणू पसरतो, म्हणून परतल्यावर केवळ गर्भाची नव्हे तर जखमांचीही तपासणी करावी.

९. माजावर असताना ती जेवत नाही. काळजी करावी का?

भूक थोडी कमी होते आणि माज उतरल्यावर परत येते. मात्र मांजरीने सलग चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्याला विचारावे, कारण उपाशी राहिलेल्या मांजरीच्या, विशेषतः स्थूल मांजरीच्या, यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ शकते.

१०. माज असेपर्यंत तिला शांत करण्यासाठी घरी काय करता येईल?

थोडेसेच करता येते, हे आधीच स्वीकारलेले बरे. अंधाऱ्या, शांत खोलीत तिची झोपण्याची जागा करावी, दिवसा तिच्याशी दोरी किंवा पिसांच्या खेळण्याने भरपूर खेळावे म्हणजे रात्री ती थोडी थकलेली असेल, लिटर बॉक्स अधिक वेळा स्वच्छ करावा आणि बाहेरचे बोके दिसणाऱ्या खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावेत. काहींना कोमट गादीवर बसणे आवडते. पाठीवरून शेपटीकडे हात फिरवल्याने ती आणखी उत्तेजित होते; डोके आणि गालच कुरवाळावेत.

काय करू नये, ते अधिक महत्त्वाचे आहे. तिच्यावर ओरडणे, पाणी मारणे, शिक्षा म्हणून कोंडून घालणे यांचा उपयोग शून्य असतो. माणसांच्या झोपेच्या किंवा वेदनाशामक गोळ्या कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते. कापसाच्या काडीने समागमाचा आभास निर्माण करून माज उतरवण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते, पण तिने आतील नाजूक त्वचेला इजा आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो, शिवाय बीज सुटल्यानंतर जे संप्रेरक वाढते तेच गर्भाशयाच्या संसर्गाला पोषक ठरते. ती घरी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

११. माज थांबवणारी गोळी किंवा इंजेक्शन मिळते. शस्त्रक्रियेऐवजी ते चालेल का?

ही औषधे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करतात आणि माज खरोखर थांबवतात, म्हणूनच ती मोहात पाडतात. पण त्यांच्यामुळे गर्भाशयात पू होणे, स्तनांची अवाजवी वाढ, स्तनांचा कर्करोग आणि मधुमेह यांचा धोका वाढतो. पशुवैद्याने विशिष्ट कारणासाठी थोड्या काळापुरती दिली तर गोष्ट वेगळी. औषधाच्या दुकानातून आणून वर्षानुवर्षे देत राहणे, किंवा घरातल्या स्त्रीची गर्भनिरोधक गोळी अंदाजाने तोडून देणे, हे मांजरीच्या जिवाशी खेळणे आहे. ज्या मांजरीला हृदयविकारासारख्या कारणामुळे भूल देणे धोक्याचे आहे, तिच्यासाठी त्वचेखाली बसवायच्या संप्रेरक-इम्प्लांटचा पर्याय पशुवैद्य सुचवू शकतात. तो बसवल्यानंतर सुरुवातीला एक माज येऊन जाऊ शकतो.

१२. एकदा पिल्ले होऊ दिली तर ती कायमची शांत होईल, असे सगळे सांगतात. खरे आहे का?

नाही. गर्भारपणाचे सुमारे नऊ आठवडे आणि दूध पाजण्याचा काळ एवढीच शांतता मिळते. पिल्लांचे दूध तुटल्यावर काही आठवड्यांत, आणि काही वेळा पिल्ले अंगावर पीत असतानाच, माज पुन्हा येतो. त्यामुळे दूध पाजणारी मांजरी गाभण राहू शकत नाही ही समजूतही चुकीची आहे. पिल्ले झाल्याने मांजरीचे आरोग्य किंवा स्वभाव सुधारतो याला काहीही आधार नाही. उलट लवकर नसबंदी केल्याने होणारा फायदा मात्र ठोस आहे: सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींमध्ये स्तनांच्या कर्करोगाचा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी, तर एक वर्षाच्या आत झालेल्यांमध्ये सुमारे ८६ टक्क्यांनी कमी असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मांजरींच्या स्तनांतील बहुसंख्य गाठी घातक असतात, हे लक्षात घेतले म्हणजे पिल्लांची वाट पाहण्याची किंमत कळते.

१३. घरातला बोका तिचा सख्खा भाऊ आहे. शिवाय दुसऱ्या बोक्याची नसबंदी झालेली असूनही तो तिच्यावर चढतो. धोका आहे का?

मांजरे नाते पाळत नाहीत. भाऊ-बहीण, आई-मुलगा यांच्यात समागम होतो आणि गर्भही राहतो. वयात येत असलेल्या भावंडांना शस्त्रक्रिया होईपर्यंत वेगळ्या खोल्यांत ठेवावे. नसबंदी झालेला बोकाही चढू शकतो, विशेषतः त्याची शस्त्रक्रिया उशिरा झाली असेल तर. शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे त्याच्यापासूनही गर्भ राहण्याची शक्यता असते. त्यानंतर राहत नाही, पण समागमाने मांजरीचे बीज सुटून माज लवकर उतरू शकतो. समागम संपताच मांजरी किंचाळून बोक्याला पंजा मारते, ते भांडण नव्हे. बोक्याच्या लिंगावर बारीक काट्यांसारखे उंचवटे असतात आणि ही प्रतिक्रिया त्यामुळे होते.

१४. नसबंदी केव्हा करावी? ती आत्ता माजावर असेल किंवा नुकतीच व्याली असेल तर?

निरोगी मांजरीची शस्त्रक्रिया पाच महिन्यांची होण्याच्या आत, म्हणजे पहिल्या माजापूर्वी, करून घेणे उत्तम. माजावर असताना गर्भाशय आणि त्याच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, त्यामुळे काही पशुवैद्य थांबायला सांगतात. अनुभवी शल्यचिकित्सक मात्र मांजरींवर माजातही सुरक्षितपणे शस्त्रक्रिया करतात. ज्या मांजरीचा माज एकामागोमाग एक येतो, तिच्या बाबतीत शांत काळाची वाट पाहत महिने घालवू नयेत. व्यालेल्या मांजरीची शस्त्रक्रिया पिल्लांचे दूध तुटून साधारण दोन आठवड्यांनी करतात, आणि तोपर्यंत तिला बोक्यांपासून दूर ठेवावे लागते. केवळ बीजनलिका बांधण्याची शस्त्रक्रिया मात्र मागू नये. तिने गर्भ राहत नाही, पण अंडाशये तशीच राहिल्याने माज आणि त्यासोबतचे सारे वर्तन चालूच राहते.

१५. माज उतरून तीन आठवडे झाले. आता ती सुस्त आहे आणि खूप पाणी पिते आहे. हा माजाचा थकवा आहे का?

नाही, आणि या प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबण्यापेक्षा तिला दवाखान्यात नेणे जास्त गरजेचे आहे. माजानंतरच्या काही आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा आजार उद्भवू शकतो. सुस्ती, जास्त तहान, उलट्या, अन्नावरची वासना जाणे, पोट फुगणे आणि शेपटीखालून पुवासारखा स्राव ही त्याची लक्षणे. मांजरी स्वतःला सतत चाटून स्वच्छ ठेवत असल्याने स्राव दिसतोच असे नाही, आणि गर्भाशयाचे तोंड बंद असेल तर तो बाहेर येतच नाही. ती स्थिती अधिक घातक असते. बोक्याचा संबंध कधीच आला नव्हता म्हणून हा आजार होणार नाही असे समजू नये, कारण काही मांजरींमध्ये समागमाशिवायही बीज सुटते. उपचार बहुतेक वेळा तातडीची शस्त्रक्रिया हाच असतो.

१६. ती अलीकडे चावते, फिस्कारते, अंगावर धावून येते. नसबंदीने हे जाईल का?

हे कशामुळे घडते आहे त्यावर अवलंबून आहे. माजातील चिडचिड आणि त्या काळात घरातल्या इतर मांजरींशी होणारी भांडणे नसबंदीने थांबतात. खिडकीतून परका बोका पाहून चवताळलेली मांजरी जवळच्या माणसाला बोचकारते, तेव्हा नसबंदी काही अंशी मदत करते, कारण माजाच्या वासाने येणारे बोकेच कमी होतात. व्यालेली मांजरी पिल्लांजवळ कोणाला येऊ देत नाही. तिला मोकळी, आडोशाची जागा द्यावी आणि पिल्ले उगाच हाताळू नयेत, काही आठवड्यांत ती निवळते. पण खेळता खेळता हाताला चावण्याची लहानपणी लागलेली सवय, माणसांची भीती किंवा दुखण्यामुळे आलेला तिरसटपणा यांवर नसबंदी हा इलाज नाही, आणि तसे सांगून शस्त्रक्रिया सुचवणे म्हणजे मालकाची दिशाभूल करणे होय. स्पर्श केल्यावर ठराविक जागीच ती चावत असेल तर तेथे वेदना आहे असे धरून तपासणी करावी.

१७. शस्त्रक्रियेनंतर फरक किती दिवसांत दिसतो? तिचा स्वभाव बदलून ती आळशी होईल का?

ओरडणे आणि लोळणे साधारणतः काही दिवसांत ते दोन आठवड्यांत थांबते. माजात असताना शस्त्रक्रिया झाली असेल तर पहिले काही दिवस बोके तिच्या मागे लागू शकतात, आणि त्या काळात समागम झाल्यास आतल्या टाक्यांना धोका असतो, म्हणून तिला पूर्ण वेगळे ठेवावे. फवारा बहुतेकींचा थांबतो, परंतु नसबंदी झालेल्या सुमारे ५ टक्के माद्या पुढेही फवारा मारतात. त्यामागे बहुधा इतर मांजरांशी असलेला ताण किंवा मुरलेली सवय असते.

खेळकरपणा, लळा, शिकारीची ओढ यांत बदल होत नाही. बदलते ती भूक आणि ऊर्जेची गरज: भूक वाढते आणि गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी घटते. वाटी पूर्वीइतकीच भरली तर ती जाड होते आणि जाडीमुळे मंदावते. अन्न मोजून द्यावे.

१८. नसबंदीला वर्ष झाले, तरी ती पुन्हा माजावर आल्यासारखी वागते. असे कसे?

याची दोन कारणे प्रामुख्याने तपासावी लागतात. पहिले, अंडाशयाचा छोटासा तुकडा शरीरात राहिलेला असणे. तो महिन्यांनी किंवा वर्षांनीही काम करू लागतो. अशा मांजरीचा व्हिडिओ काढून ठेवावा, तारखा लिहाव्यात आणि लक्षणे चालू असतानाच पशुवैद्याला दाखवावे, कारण त्या वेळच्या तपासण्या अधिक बोलक्या असतात. अँटी-म्युलेरियन हार्मोनच्या रक्तचाचणीने अंडाशय शिल्लक आहे का ते कळते आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेने तुकडा काढता येतो.

दुसरे कारण घरातच असू शकते. रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी इस्ट्रोजेनयुक्त जेल किंवा क्रीम हातावर लावणाऱ्या व्यक्तीच्या कुशीत मांजरी झोपत असेल किंवा तो हात चाटत असेल, तर ते संप्रेरक तिच्या शरीरात जाऊन माजाची लक्षणे दिसतात. हे पशुवैद्याला आपणहून सांगावे, म्हणजे नको असलेली शस्त्रक्रिया टळू शकते.

१९. दत्तक घेतलेली मांजरी दोन वर्षांची आहे, पण कधीच माजावर आलेली दिसली नाही. नसबंदी झालेली असेल का?

असू शकते. पोट भादरून जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण शोधता येतो, कानाला नसबंदीची खूण म्हणून टोकाशी काप दिलेला आहे का ते पाहता येते, आणि शंका राहिली तर प्रश्न १८ मध्ये सांगितलेली रक्तचाचणी येथेही उपयोगी पडते. मात्र अनेक मांजरी असलेल्या घरात दबून राहणाऱ्या मांजरीचा माज मूकपणे येऊन जातो, म्हणून केवळ ओरडत नाही यावरून बोक्यासोबत मोकळे सोडू नये.

२०. आमची मांजरी तेरा वर्षांची आहे, नसबंदी झालेली नाही. आता रात्री मोठ्याने ओरडते. या वयात माज असतो का?

असू शकतो. मांजरीला माणसासारखी रजोनिवृत्ती येत नाही. वय वाढेल तशी चक्रे विरळ होतात, पण पूर्ण थांबतीलच असे नाही. तरीही या वयात रात्री ओरडण्याची इतर कारणे आधी तपासावीत: थायरॉइडची अतिक्रियाशीलता, वाढलेला रक्तदाब, सांधेदुखी, कमी झालेली दृष्टी किंवा श्रवण आणि वार्धक्यातील स्मृतिभ्रंश. ती खूप खाऊनही वाळत असेल तर थायरॉइडचा संशय बळावतो. पाठीवर हात ठेवल्यावर प्रश्न १ मधील स्थिती ती घेते का, आणि ओरडणे आठवडाभराने थांबून पुन्हा सुरू होते का, या दोन नोंदी पशुवैद्याला फार उपयोगी पडतात. तपासण्या समाधानकारक आल्या तर या वयातही नसबंदी करता येते. त्याआधी रक्त, मूत्रपिंडे आणि हृदय यांची तपासणी करून घ्यावी आणि स्तनांच्या दोन्ही रांगा बोटांनी चाचपून गाठ लागते का, ते पाहायला सांगावे.